बोंबलांच्या रांगेतून

चिंतामणी फाटकांना दीड वर्षापासून कसलाच वास येत नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी बायकोपासूनही लपवली होती. अंबरनाथला आनंदनगरमधल्या एका रसायनांच्या कारखान्यात ते शिफ्ट ऑफिसर. तिथे गॅसची गळती आधी नाकाला कळते, मग यंत्राला. नाक गेलं म्हणजे प्लँट सुटला, पगारही उतरला, आणि लेकीचं, मीनलचं, इंजिनिअरिंग अजून व्हायचं होतं. म्हणून घरी ते आधी वृंदाबाईंचा चेहरा बघत आणि मग "वा, काय घमघमाट!" म्हणत. प्लँटमध्ये महिपती हा जुना ऑपरेटर जोडीला असे. त्याने नाक मुरडलं की हे व्हॉल्व्ह बंद करायला सांगत. नाटक बेमालूम चाललं होतं.

डिसेंबरात विरारला भाच्याचा साखरपुडा होता. तो उरकल्यावर वृंदाबाईंनी अर्नाळ्याचा समुद्र बघायचा हट्टच धरला. आभाळ सकाळपासून तोंड फुगवून बसलेलं, वारा बोचरा, पाणी राखेच्या रंगाचं. किनाऱ्यावर फिरायला आलेलं दुसरं कुणी नव्हतं. चिंतामणींना असली हवा आवडे. अशा दिवशी माणसाला उगाच हसावं लागत नाही.

पुढे बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगले होते, रांगाच्या रांगा. पावसाच्या भीतीने कोळणी ते भराभर उतरवत होत्या. चिंतामणी बोलता बोलता सरळ त्या रांगांमध्ये शिरले.

"काय मोकळी हवा आहे, वृंदा! छाती भरून घे."

एक कोळीण हातातली टोपली खाली ठेवून खदखदा हसली. "तुला वास नाय येत का रं बाबा? तुजी बाय बघ कुठं उभी राहिली ती!"

वृंदाबाई लांब वाळूत थांबल्या होत्या, पदर नाकाशी घट्ट धरून. वळसा घालून त्या पलीकडे आल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"परवा दूध करपलं, आणि तुम्ही बासुंदी छान झाली म्हणालात. मला वाटलं, माझं मन राखताय. कधीपासून हे?"

"दीड वर्ष झालं." त्यांना खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

"आणि प्लँटमध्ये?"

"महिपती असतो ना. मी त्याच्याकडे बघतो."

"त्याला सांगितलंय?"

"नाही."

दोघं पाण्याच्या कडेने चालत राहिली. चिंतामणी पगाराचं बोलले, मीनलचं बोलले, फक्त दोन वर्षं ढकलायची आहेत म्हणाले. वृंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या सकाळी महिपती आहे का शिफ्टला?"

चिंतामणी जागच्या जागी थांबले. खरवईला महिपतीच्या लेकीचं लग्न होतं. रजा त्यांनीच मंजूर केली होती, वर हसून आहेराचं पाकीटही दिलं होतं. उद्या त्याच्या जागी अगदी नवा माणूस येणार होता, आणि धोक्याचा वास कुठला हे त्याला चिंतामणींनीच शिकवायचं होतं.

आपण काय करून बसलो होतो, हे त्यांना पहिल्यांदाच नीट दिसलं. त्या नव्या माणसाचं नावसुद्धा त्यांना धड आठवेना.

एसटी स्टँडजवळ टेलिफोनचा बूथ होता. चिंतामणींनी मॅनेजरच्या घरचा नंबर फिरवला.

"साहेब, उद्या मला प्लँटवर ठेवू नका. मला वास येत नाही."

पलीकडून साहेबांनी एवढंच विचारलं, "कधीपासून?" चिंतामणींना एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. बूथमध्ये दोघांना जागा नव्हती, तरी वृंदाबाई आत शिरल्या.