सज्जाखालची तुळई

घाबरू नका, मी तुळई बोलतेय. आता मी तुमच्या डोक्यावर नाही, अंगणात आडवी पडलेय, तेव्हा खुशाल जवळ या. माझ्यावर बसलात तरी चालेल. फक्त डाव्या टोकाला हात लावू नका, तिथलं लाकूड भुशासारखं झालंय.

मी मूळची जंगलातली. झाड होते तेव्हा भीती ठाऊक नव्हती. वारा आला की वाकायचं, गेला की सरळ व्हायचं. मग मला तोडलं, नदीतून वाहत आणलं, तासलं आणि दोरखंडाच्या कारखान्यात दोन भिंतींच्या मधे आडवं बसवलं. माझ्या आधारावर फळ्यांचा सज्जा उभारला. नाटकाच्या थिएटरात वर बाल्कनी असते ना, तसा. त्यावर तागाचे गठ्ठे रचायचे. ओझं भारी होतं, पण काळजी नव्हती. गठ्ठा पडला तरी गठ्ठाच. त्याला ना आई, ना लेकरं.

कारखाना बंद पडला. बरीच वर्षं कबुतरांनी संसार थाटला. मग गावातल्या इतिहास मंडळाने ती जागा घेतली, खुर्च्या मांडल्या, आणि माझ्यावर माणसं येऊन बसू लागली.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना 'सर' म्हणत. खुर्च्या पुसण्यापासून पाहुण्यांना आणण्यापर्यंत सगळं बघायच्या त्या ऑपरेटरबाई. त्यांचा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. आवाज मधासारखा, पण तो फोनवरच. मंचावर जायची वेळ आली की त्या मागच्या मागे चहा बघायला पळायच्या.

महिन्यातून एकदा सभा भरायची. कधी कुणी जुनी कुलपं घेऊन यायचं आणि ती उघडता उघडता घामाघूम व्हायचं. कधी मंडळी जुन्या गल्ल्या फिरून यायची आणि माझ्या खाली बसून सुजलेले पाय चोळायची. सगळ्यात जास्त गर्दी व्हायची ती 'ओळखा पाहू'ला. दिवे बंद करून पडद्यावर गावातले जुने फोटो दाखवायचे आणि लोकांनी माणसं ओळखायची.

"तो टोपीवाला माझा काका!"

"काका कसला? तो आमचा न्हावी!"

"अहो, काकाच न्हावी होता!"

मग हशा, आणि वर सज्जात पायांचा दणदणाट. मला तो फार आवडायचा. निदान सुरुवातीला.

छपराचं पाणी वाहून नेणारा नळ भिंतीत पाझरू लागला. भिंतीत रुतलेलं माझं डावं टोक ओलं राहायला लागलं. आधी गार वाटलं. मग खाज सुटली. मग तिथे काहीच वाटेनासं झालं, आणि खरी भीती तेव्हापासून सुरू झाली. त्यात वाळवी आली. तिचं कुरतडणं मला रात्रंदिवस ऐकू यायचं. सभेच्या दिवशी जिन्यावर पहिलं पाऊल वाजलं की मी मोजू लागायचे. कोण आलं? किती आले? आज निभेल का?

मंडळाच्या वर्धापनदिनाला मला तपकिरी ऑइलपेंट फासला. सर मान वर करून म्हणाले, "काय झळकतेय! अजून शंभर वर्षं हलायची नाही." मी मनात म्हटलं, सर, एकदा नुसतं टोचून तरी बघा हो.

पुढच्या सभेत माझ्या टोकाचा भुसा बाईंच्या चहात पडला. त्यांनी कप बघितला, मग वर बघितलं.

"सर, वरून काहीतरी पडतंय."

"जुनी इमारत आहे, चुना पडायचाच."

"चुना नाही, लाकूड आहे. कुणाला तरी दाखवू या ना. तोवर सज्जा बंद ठेवू."

"आणि माणसं कुठे बसवू? माझ्या डोक्यावर? बाई, तुम्हाला पान हललं तरी भूत दिसतं."

आजूबाजूचे हसले. बाईही कसनुशा हसल्या. पण त्या दिवसापासून माझ्याकडे बघणारं जगात एक माणूस होतं. भीती आता दोघींत वाटली गेली होती.

मग ती दुपार आली. 'ओळखा पाहू'ला गाव लोटलं होतं. बाईंची आई सज्जात पहिल्या रांगेत, मधोमध. म्हातारीला जवळचं धड दिसत नव्हतं, लांबचं मात्र स्वच्छ. तिच्या नवऱ्याचा तरुणपणीचा फोटो त्या दिवशी दाखवणार होते. तिच्याकडे त्यांचा एकही नव्हता.

दिवे मालवले. दोन-चार फोटो झाले. पडद्यावर कुणीतरी गाढवावर उलटं बसलेलं दिसलं, आणि सज्जातली सगळी मंडळी हसत पाय आपटू लागली. माझ्या आतून 'कट्ट' असा आवाज आला. मी खचले. फार नाही, पण खचले.

फोटो दाखवायचं यंत्र बाई चालवत होत्या, अगदी माझ्या खाली बसून. त्यांच्या हातावर भुसा सांडला. त्यांनी टॉर्च वर मारला. रंग फाटला होता आणि फटीत सहज बोट गेलं असतं.

बाईंनी सरांना खुणेने बोलावलं आणि टॉर्च दाखवला. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते ओरडणार तेवढ्यात बाईंनी त्यांचं मनगट गच्च धरलं.

"ओरडू नका. सगळे एकदम धावले तर संपलं."

"मग करायचं काय?"

बाई उठल्या. दिवे लावले आणि मंचावर चढल्या. त्यांनी माइक दोन्ही हातांनी आवळून धरलेला मला वरून दिसत होता. पण आवाज निघाला तो एक्स्चेंजमधला, गोड, संथ.

"मंडळी, आपण नेहमी जुने फोटो बघतो. आज आपलाच एक काढू या, अंगणात, ऊन आहे तोवर. सज्जाखालची मंडळी आधी, मंचाजवळच्या दाराने. मग वरचे, एकेक रांग, सावकाश. घाई नाही. जिना अरुंद आहे, आपापले गुडघे सांभाळा."

कुरकुर झाली. "आत्ता? कार्यक्रमाच्या मधे?" पण फोटो म्हटल्यावर केस सारखे करत लोक उठले. सर दारात उभे राहून, ओठ सुकलेले असताना, "या, या," म्हणत होते. एकेक पाऊल माझ्यावरून जात होतं आणि प्रत्येकाबरोबर आत एकेक शीर तुटत होती.

सगळे गेले. उरली फक्त आई.

"आई, ऊठ," बाईंनी खालून हाक मारली.

"मी नाही येत. ह्यांचा फोटो अजून आला नाही. लाव तू."

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग जिना चढल्या. ती हलकी पावलं फळीवर आली तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल! माझ्या हातात काहीच नव्हतं. लाकूड इच्छेने धरून ठेवत नाही, ते धरवतं तोवर धरतं. त्या मधोमध येऊन आईजवळ उभ्या राहिल्या. मी करकरले.

"हा कसला आवाज?" म्हातारीने विचारलं.

"आई, मला भीती वाटतेय. चल."

त्या स्वरात गोडवा नव्हता, एक्स्चेंज नव्हतं. लहानपणी अंधारात आईला बिलगणारी पोर होती. म्हातारीने पडद्यावरची नजर काढली. लेकीचा हात धरला आणि उठली. दोघी भिंतीला धरून, पाय न उचलता, सरकत सरकत जिन्यापर्यंत गेल्या.

अंगणात फोटो निघाला. सगळे हसत होते, ह्या दोघी आणि सर सोडून. मग बाईंनी खरं काय ते सांगितलं. एक जण चिडून म्हणाला, "म्हणजे आम्हाला बनवलंत?" तेवढ्यात आत मी खाली आले. आवाज असा झाला की दारातून धुळीचा लोट अंगणात आला. ज्याने विचारलं होतं तो मटकन पायरीवर बसला.

आता माझ्या जागी लोखंडी तुळई आहे. मला बाहेर काढून इथे टाकलंय. चांगल्या अर्ध्याचं बाक करायचं म्हणतात. करवतीचं मला काही वाटत नाही. तुम्हाला एकच सांगते. वर रंग असेल तर आत काय आहे ते बघा, आणि घाबरलेल्या माणसाला हसण्याआधी तो कुठे बघतोय तिकडे एकदा बघा.

आज पुन्हा सभा आहे, त्या दिवशी राहिलेले फोटो दाखवणार आहेत, म्हातारीच्या नवऱ्याचाही. मघाशी आतून पायांचा दणदणाट ऐकू आला आणि माझ्या अंगावर तोळाभर ओझं नसताना मी गार पडले. लोखंड भक्कम आहे म्हणे. असेल. पण सभा सुटली की मी दाराकडे डोळे लावून बसते. सर बाहेर आले. गाढवाच्या फोटोवर पाय आपटणारे हसत गेले. बाई आल्या, त्या दारातच थांबून मागे बघतायत.

आई अजून वरच आहे.