सांगकुआच्या मुराईचा पत्ता

लग्न झालं आणि अफ्रिनाल बायकोच्या घरी राहायला गेला, सुमात्राच्या मिनांग मुलखात सगळेच जातात तसा. त्या दिवसापासून त्याचं नाव गेलं. सासरी जावयाला नावाने हाक मारत नाहीत. त्याला 'सुतान' म्हणायचं, कॉफी आधी त्याच्यापुढे ठेवायची, आणि त्याने काहीही केलं तरी त्याला तोंडावर बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर आडून. सुरुवातीला हे त्याला फार आवडलं होतं. कुणाला नाही आवडणार म्हणा.

पोटापाण्याला त्याची एक वेबसाइट होती, फक्त मुराई पक्ष्यावर. लांब शेपटीचा, तांबड्या पोटाचा, आणि गळा असा की पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक गुण लिहायचं विसरून ऐकत राहतात. मुराईला कोणते किडे चारावेत, शेपूट झडली तर काय करावं, पिंजरा कुठे टांगावा, असलं सगळं अफ्रिनाल लिहायचा. चांगलं लिहायचा. पण वाचायला काळं कुत्रं येत नव्हतं. 'मुराई' असं शोधलं की मोठमोठ्या साइट्स आधी दिसायच्या आणि हा बिचारा कुठेतरी तळाला. या धंद्यात लहान माणसाला एकच वाट असते. लोक शोधतायत, पण ज्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही, असा कीवर्ड हुडकायचा.

एका दुपारी असा कीवर्ड त्याला आयताच सापडला. 'सांगकुआची मुराई कुठे मिळते.' मेदान शहरातल्या मोठ्या स्पर्धेत सांगकुआ डोंगरावरचा, कुणीतरी चोरून धरलेला पक्षी पहिला आला होता. तेव्हापासून अख्खा सुमात्रा हेच शोधत होता, आणि उत्तर द्यायला एक साइट नव्हती. अफ्रिनालच्या तोंडाला पाणी सुटलं.

सांगकुआवरचं जंगल बायकोच्याच कुळाचं, आणि मिनांगांत पोरं आईच्या कुळाची. बायकोचे, म्हणजे देस्माचे मामा, कुळाचे प्रमुख, त्यांना सगळे दातुकमामा म्हणत, तेच त्याची राखण करायचे. त्यांच्या धाकाने तिथे उघड जाळं लावायची कुणाची छाती झाली नव्हती. लग्नानंतर त्यांनीच अफ्रिनालला वर नेलं होतं. ओढ्याच्या वळणावर थांबवून म्हणाले होते, "ऐका, सुतान. हे सगळं तुमच्या पोरांचं. म्हणून दाखवतोय."

ते शब्द त्याला आठवले नाहीत असं नाही. आठवले, आणि त्याने ते बाजूला सारले. एवढा डोंगर चढून कोण मरायला जातंय, लोकांना नुसतं वाचायचं असतं, अशी त्याने मनाची समजूत घातली. आणि मग लिहायला बसला तो बसलाच. कुठल्या गावातून वाट फुटते, ओढा कुठे ओलांडायचा, नर कुठल्या बाजूच्या बांबूत गातो, सगळं. लेख पहिल्या नंबरावर गेला. साइटवर माणसांची रीघ लागली, आणि अफ्रिनाल घरात शीळ घालत फिरू लागला.

पुढच्याच महिन्यात गावात परक्या मोटरसायकली दिसायला लागल्या. पाठीला जाळ्यांच्या गुंडाळ्या, हँडलला रिकामे पिंजरे.

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या टपरीत गाव रोज जमायचं. टपरी रोस्नाची, तिला सगळे उनी, म्हणजे ताई, म्हणत, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"काल दोघं इथेच भजी खाऊन गेले," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाबांनो, वाट कुणी सांगितली? तर मोबाइल दाखवतात. ओढा, वळण, बांबू, सगळं लिहिलंय."

"म्हणजे कुणीतरी आपल्यातलाच," कोपऱ्यातून सुतार मासरुल म्हणाला. "परक्याला ते वळण कुठून कळणार?"

"असेल कुणी शिकलेला. आपण अडाणी, आपल्याला कुठे येतंय लिहायला," रोस्ना म्हणाली, आणि अफ्रिनालपुढे बशी सरकवली. "घ्या, सुतान. गरम आहेत."

भजी तशीच बशीत टाकून तो उठला. घरी येऊन त्याने आधी तो लेख काढून टाकला. पण तोवर चार साइट्सनी तो उचलला होता, शब्द न शब्द. त्याने त्यांना विनवण्या लिहून पाठवल्या. एकाचंही उत्तर आलं नाही.

"मामांना सांगा," देस्मा म्हणाली. तिला त्याने सगळं सांगितलं होतं. "तुम्ही सांगितलंत तर निदान..."

"निदान काय?"

"मला नाही माहीत. पण सांगा."

तो रोज ठरवायचा. मामा रस्त्यात दिसले की हा दुसऱ्या गल्लीत वळायचा. डोंगर हळूहळू गप्प होत गेला. पूर्वी पहाटे कपडे वाळत घालताना ऐकू यायची ती शीळ थांबली, तेव्हा देस्मा एवढंच म्हणाली, "संपलं वाटतं." त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

आणि एका सकाळी मामाच आले. हातात फडक्याने झाकलेला पिंजरा. उभ्या जन्मात त्यांनी पक्षी पिंजऱ्यात ठेवला नव्हता. त्यांनी फडकं काढलं. आत नर होता, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, शेपटीची दोन पिसं मोडलेली.

"शेवटचा," मामा म्हणाले. "दुसऱ्या कुणी नेला असता. म्हणून मीच धरला. सवय नाही ना, पिसं गेली."

"मामा, तो लेख मी..." अफ्रिनाल म्हणाला. "तो मी लिहिला होता. माझं चुकलं. मला शिव्या घाला, काहीही करा."

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "छे. घरच्या जावयाला कुणी बोलतं का?" ते म्हणाले. "तुम्ही पक्ष्यांतले जाणकार. तुमच्याकडे हा नीट राहील. फक्त एक करा. लोक अजून लांबून येतात, डोंगर चढून रिकामे परततात. त्यांना कळवा, मुराईने पत्ता बदलला. आता ती सुतानच्या ओसरीवर असते."

त्यांनी स्वतः पिंजरा आढ्याला टांगला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि निघाले. देस्माने पुढे केलेली कॉफी घेतली नाही.

दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. आता सोडावं तर डोंगरावर जाळी अजून ताणलेली, आणि ठेवावं तर हे असं, येताजाता डोळ्यांपुढे. अफ्रिनाल रोज स्वतःच्या हाताने त्याला किडे चारायचा, पिंजरा धुवायचा, आणि मनातल्या मनात म्हणायचा, गाऊ नकोस बाबा.

पण पिसं फुटली तसा पक्षी गायला लागला. पहाटे, मामांच्या मशिदीला जायच्या वेळी. अफ्रिनालने दाराआडून पाहिलं. मामा रस्त्यात थांबले, शेवटपर्यंत ऐकलं, आणि ओसरीकडे न बघता पुढे गेले.