एकशे अठरा जळालेले पंखे

मित्रांनो, दिसायला अगदी साधा आणि आवाजाने मात्र दणदणीत, असा मी एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. माझ्या तोंडात नऊ बारीक सुया आहेत. त्या शाईच्या फितीवर आपटतात आणि कागदावर ठिपक्यांची अक्षरे उमटतात. मी कामाला लागलो की खोलीतली माणसे फोनवर ओरडून बोलत.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते १९९२ सालचे लखनऊ. शहराबाहेरच्या एका पंख्यांच्या कारखान्यात माझे खोके उघडले. संगणक कक्षाचे प्रमुख श्रीरंग टिल्लू मूळचे नागपूरचे. त्यांनी मला हळदकुंकू लावले, पेढे वाटले, आणि मी पहिली ओळ छापली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी केवढा फुगलो होतो!

तिथे लतिका मोघे नावाची मुलगी काम करी. ती निशातगंजहून टेम्पोने येई. कोणत्या कारागिराने कोणत्या तारखेला किती पंख्यांचे वाइंडिंग केले, म्हणजे मोटरीत तांब्याची तार गुंडाळली, हे ती रोज संगणकात भरे. तिचा वेग सगळ्यांत जास्त. आकडे तिच्या डोळ्यांतून थेट बोटांत उतरत, मध्ये कुठे थांबत नसत.

१९९५ च्या जूनमध्ये दुकानांतून जळालेले पंखे परत येऊ लागले. एकशे अठरा पंखे! मॅनेजर सक्सेना साहेब संतापले. एका शुक्रवारी त्यांनी फर्मावले, "किसकी गलती है, शाम तक बताइए।"

लतिकाने प्रत्येक पंख्यावरचा क्रमांक पाहून कारागिरांप्रमाणे यादी केली. मी ती ऐटीत छापली. सहा कारागीर होते. सगळ्यांत वर नाव होते रामसुमेर यांचे, एकेचाळीस पंखे.

"साफ है," साहेब म्हणाले. "सोमवार से रामसुमेर वाइंडिंग पर नहीं बैठेगा। पैकिंग में भेजो।"

रामसुमेर बावीस वर्षे त्या कामावर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते यादीचा कागद घेऊन आमच्या दारात उभे राहिले. भांडले नाहीत. नुसते म्हणाले, "बिटिया, हमरे जले पंखे तो लिखे हैं। हम बनाये कितने, ऊ कहाँ लिखा है?"

लतिकाने कागद उलटसुलट केला. ते कुठेच लिहिलेले नव्हते. तिचा चेहरा उतरला.

"सर, रोजचे आकडे मीच भरते. मग माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"कारण मी तुम्हा सगळ्यांना आकडे भरायला शिकवलं, त्यांना प्रश्न विचारायला शिकवलंच नाही," टिल्लू साहेब म्हणाले. "चूक माझीही आहे. चल, बस इथे. आज शनिवार, आपल्या हातात पूर्ण दिवस आहे. रामसुमेर भैया, आप भी बैठिए।"

मग जे सुरू झाले ते मी कधी विसरणार नाही. परत आलेले पंखे हिवाळ्यात बनलेले होते, म्हणून लतिकाने हिवाळ्यातले सगळे आकडे बाहेर काढले. रामसुमेर यांनी एकट्याने दोन हजार पन्नास पंखे केले होते. बाकी पाच जणांनी मिळून अडीच हजार. म्हणजे रामसुमेर यांचे शंभरात दोन पंखे जळाले आणि इतरांचे शंभरात तीन!

"सर, हे तर इतरांपेक्षा चांगले कारागीर निघाले!" लतिका जवळजवळ ओरडलीच.

"हो. पण मग पंखे जळाले कशाने?"

आता तिने यादी वाइंडिंगच्या तारखेप्रमाणे लावली आणि दर पंख्यामागे एक तारा, असा आलेख मला छापायला दिला. मी कर्रकर्र करत छापत गेलो. नोव्हेंबरच्या ओळीत दोन-चार तारे. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत मात्र तारे कागदाच्या कडेला जाऊन भिडले. टिल्लू साहेब काही बोलणार, तोच लतिका म्हणाली, "थांबा हं सर. त्या तीन आठवड्यांत पंखेच जास्त बनले असतील तर?" तिने आकडे पाहिले. उलट, पंखे कमीच बनले होते.

टिल्लू साहेबांनी हसून आलेख रामसुमेर यांच्यापुढे सरकवला.

"ई तो कोहरे के दिन हैं," रामसुमेर ताऱ्यांवर बोट ठेवून म्हणाले. "वार्निश सूखता ही नहीं था। हम बोले भी थे।"

दाट धुक्यात वाइंडिंगच्या तारांवरचे वार्निश ओले राहिले होते. ओल आत अडकली आणि उन्हाळ्यात पंखे जळाले.

सोमवारी सक्सेना साहेबांनी शंभरामागचा हिशेब आणि ताऱ्यांचा आलेख असे दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला आणि स्वतः चालत शेडमध्ये गेले. "रामसुमेर, गलती मेरी थी," ते सगळ्यांसमोर म्हणाले. पुढच्या हिवाळ्याआधी वार्निश सुकवायला भट्टी आली. त्या हिवाळ्यातले अवघे एकोणीस पंखे परत आले.

तेव्हापासून दर शनिवारी आमच्या खोलीत आकड्यांचा वर्ग भरू लागला. चहा, समोसे, वादावादी आणि माझा गोंगाट! लतिका शिकली, तिच्या शेजारी आकडे भरणारी चेतना शिकली, कधीकधी सक्सेना साहेबही मागच्या खुर्चीवर येऊन बसत.

१९९८ मध्ये नवा, गुपचूप छापणारा प्रिंटर आला. मला कपाटावर ठेवले. वर्षभर माझ्यावर धूळ बसली, फीत वाळली. मग एके दिवशी माल पाठवणाऱ्या विभागाला एका वेळी तीन प्रती हव्या झाल्या. कार्बनवर आपटायला नव्याला सुयाच नव्हत्या, ते काम त्याला जमेना! मला पुसले, नवी फीत घातली, आणि माझा आवाज पुन्हा घुमला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रावर एक कापड तेवढे टाकत जा. आणि एक मागणे आहे. आम्ही छापलेले वाचून कुणाला दोष द्यावासा वाटला, तर आधी त्या माणसाला भेटा, त्याचे ऐका. मला ते कधीच जमले नाही. तुम्हाला जमते.