सेकंड शिफ्टचा डबा

शिफ्ट ह्या शब्दाला किती तोंडं आहेत ते मला विचारा. सातवीपुढे शाळा नाही झाली माझी, पण हा एक इंग्रजी शब्द पुरा पाठ आहे.

आमचे हे, महिपत, लोट्याच्या केमिकल कंपनीत. फर्स्ट शिफ्ट की सेकंड, त्यावर आमची चूल पेटायची. मग गाव सोडून खेड शहरात दोन खोल्यांत शिफ्ट झालो. वाटलं, चला, बरे दिवस आले! गेल्या श्रावणात कंपनीत गॅस गळला. डॉक्टर म्हणाला, "पेशंटला मुंबईला शिफ्ट करा." पनवेलसुद्धा आलं नाही, त्याआधीच सगळं संपलं.

दहाव्याला जगबुडी नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा समोर झाडावर, पण शिवेल तर शपथ. मोठे दीर रावजी हात जोडून म्हणाले, "महिपत, तुझ्या पोराला, रितेशला, तुझ्या जागेवर लावतो हो." कावळ्यानं मान फिरवली. माझं डोकं सणकलं. "गप्प बसा भावजी!" म्हटलं, आणि पिंडाकडे बघून बोलले, "तुमचा रितेश त्या कंपनीच्या बसमध्ये पाय ठेवणार नाही. माझा शब्द."

बोलणं संपायच्या आत कावळा खाली उतरला.

आणि मेलीनं मीच शब्द मोडला. रितेशच्या नोकरीचं कंपनीचं पत्र आलं. रितेश म्हणाला, "आई, दुसरं काम आहे कुठे?" मी गप्प बसले. लाज वाटते सांगायला, पण बसले.

आज त्याचा कामाचा पहिला दिवस, सेकंड शिफ्ट. दुपारी डबा भरला, वाफ निवायला मागच्या पायरीवर उघडाच ठेवला. पाण्याची बाटली भरून आले, तर डब्यात कावळा. हाड् हाड् केलं, हलेना. खाता खाता थांबून माझ्याकडे बघत राहिला.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. "आई, डबा दे गो!" रितेश पुढच्या दारात, बापाचे बूट घालून.

मी धावत गेले आणि उंबऱ्यात बसकण मारली. "जायचं तर मला तुडवून जा."

"वेड लागलंय काय तुला? पहिल्याच दिवशी खाडा?"

"पहिला नाही नि शेवटचा नाही. मी तुझ्या बाबांना शब्द दिलाय."

बस तीनदा हॉर्न वाजवून गेली. रितेश बूट फेकून आत गेला, रडत होता. मीही रडले.

मग मागच्या पायरीवर गेले. कावळा नव्हता. भात, आमटी, सगळं फस्त. वांग्याच्या फोडी तेवढ्या एका कडेला सारून ठेवलेल्या.

ह्यांना वांगं कधी आवडलं नाही.