नावाड्याची शाल

माझ्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं. दारापासून खिडकीपर्यंतही सातच, पण ती परतीची असल्यामुळे जरा जास्त वाटायची. परदेशातल्या शाळेत गणित शिकवायला येऊन मला दीड वर्ष झालं होतं. सोमवार ते शुक्रवार फळा, खडू आणि पोरं मला धरून ठेवायची. शनिवार उजाडला की पाय सुटायचे, आणि सुटून जायचे कुठे, तर या सात पावलांत.

सुरुवातीला असं नव्हतं. आमच्या शाळेत भूगोलाचे एक सर आहेत. पोरं त्यांना होकायंत्र म्हणतात, कारण ते कुठेही उभे राहिले तरी तोंड बाहेरच्या दिशेला. नव्या शिक्षकांना दर शनिवारी कुठेतरी न्यायचंच, हा त्यांचा नेम. त्यांच्यामागे मी संग्रहालयातली जुनी घड्याळं पाहिली, टेकडी चढले, बागेत बसून बँड ऐकला. पण प्रत्येक ठिकाणी वाटायचं, हे दाखवायला शेजारी आपलं माणूस नाही. हळूहळू मी "वह्या तपासायच्यात" म्हणू लागले. वह्या शुक्रवारीच तपासून व्हायच्या.

अडचण एवढीच होती की दर रविवारी सकाळी बाबांचा फोन यायचा.

माझे बाबा कीर्तनकार. अठ्ठ्याहत्तरीतही दोन तास उभे राहतात. उत्तररंगातल्या आख्यानाला ते हवी तेवढी फोडणी देतात, पण पूर्वरंगातल्या दृष्टांताबाबत त्यांचा नियम कडक: दृष्टांत स्वतः पाहिलेला असावा, नाहीतर पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकलेला. मी परदेशी आल्यापासून त्यांना नवी खाणच सापडली होती. माझी घड्याळं, माझी टेकडी, सगळं देवळात पोचलं. "हे माझ्या मुलीने डोळ्यांनी पाहिलंय, मंडळी," म्हणून ते उपरण्याचं टोक सावरायचे आणि समोरच्या बायका माना डोलवायच्या.

"काय पाहिलंस या आठवड्यात?" त्या रविवारी त्यांनी विचारलं. आवाजात इतकी भूक होती की "काही नाही" म्हणवेना.

"तळ्यावर गेले होते," मी म्हटलं. तळं मी फक्त बसच्या पाटीवर वाचलं होतं. "तिथे एक म्हातारा नावाडी आहे. शनिवारची शेवटची फेरी तो फुकट नेतो. लहानपणी त्याला कुणीतरी असंच फुकट पलीकडे नेलं होतं म्हणे."

बाबांनी ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "अगं, हा तर सोन्याचा तुकडा आहे."

पुढच्या दीड महिन्यात नावाडी तीन कीर्तनांत वल्ही मारून आला. तिसऱ्या वेळी म्हणे पेटीवाल्या काकांचेही डोळे भरले आणि सूर भलत्याच पट्टीत गेला. इकडे मी ऐकत होते आणि सात पावलांची नऊ करायला पलंग सरकवत होते.

मग एका गुरुवारी पेटीवाल्या काकांच्या सुनेचा फोन आला. ती ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर याच शहरात उतरली होती.

"ताई, शनिवारी तुमच्याकडे येते. बुवांनी शाल आणि नारळ दिलाय."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कशाला? नावाड्यासाठी. त्याचा सत्कार करायचा आणि फोटो पाठवायचा. बुधवारी उत्सवाचं शेवटचं कीर्तन आहे, फोटो मोठा करून देवळात लावणार आहेत. विमानतळावर तो नारळ तीनदा मशिनमधून फिरवला हो त्यांनी. शेंडी बघून घाबरले असावेत."

शुक्रवारी मी एकच गणित दोन वर्गांत चुकवलं. दुसऱ्या वर्गातल्या पोरांनी चूक दाखवली, तेव्हा मी ती पुसली आणि पुन्हा तीच लिहिली. डोक्यात एकच हिशोब चालू होता: खरं सांगितलं तर बाबा भर देवळात खोटे पडतात. नाही सांगितलं, तर त्यांच्या चाळीस वर्षांच्या नियमाखाली मी सुरुंग लावून ठेवलेला आहेच. फक्त वात लांब आहे.

शनिवारी काकांची सून, आमच्या वहिनी, आल्या. बसमध्ये त्या शालीची घडी मांडीवर सारखी करत होत्या आणि मी खिडकीची काच उघडत होते, लावत होते. पलीकडच्या बाईंनी शेवटी जागा बदलली.

तळं खरंच होतं. बोटही होती, पण वल्ही नव्हती, मोटर होती. ती चालवणारा पन्नाशीचा धडधाकट माणूस कमरेला तिकिटांची चामडी पिशवी बांधून उभा होता.

"म्हातारा कुठाय?" वहिनींनी विचारलं.

"हाच तो," मी म्हटलं. जिभेला एकदा सवय लागली की ती विचारायला थांबत नाही.

मी त्या माणसाला तिथल्या भाषेत म्हणाले, "माझ्या वडिलांनी तुमच्यासाठी भेट पाठवलीय. आमच्याकडे चांगल्या माणसाला शाल पांघरतात."

"मी काय केलंय?" त्याने विचारलं.

"तुम्ही लोकांना पलीकडे नेता."

"ते तर माझं कामच आहे." पण वारा झोंबरा होता आणि शाल लोकरीची होती. त्याने खांदे पुढे केले. वहिनींनी शाल पांघरली, वाकून नमस्कार केला आणि फोटो काढला. नारळ हातात घेऊन तो म्हणाला, "याचं काय करायचं असतं?" वहिनींनी खुणेने दाखवलं. त्याने बोट बांधायच्या लोखंडी खुंट्यावर तो एका घावात फोडला. रांगेतल्या सगळ्यांना एकेक तुकडा मिळाला. एका आजोबांनी दोनदा हात पुढे केला, अगदी आपल्याकडच्यासारखा. मग नावाड्याने ती शाल अंगावर ठेवूनच आम्हा दोघींची पूर्ण पैशांची तिकिटं फाडली.

पलीकडच्या काठावर उतरलो. वहिनी फोनवर वाकल्या. "काय झकास आलाय. पाठवते बुवांना."

त्यांचा अंगठा खाली येताना दिसला आणि मी त्यांचं मनगट धरलं. "थांबा वहिनी. आधी मला बोलू द्या."

मी फोन लावला तेव्हा बाबा काढा पीत होते. कीर्तनाच्या आठवड्यात त्यांचा घसा असाच लाडात असतो.

"नावाडी भेटला का गं?"

"भेटला, बाबा. शालही दिली. पण हा तो नाही. तो कुणीच नाही. मी रचला."

घोट गिळल्याचा आवाज आला. "आणि आधीचं?"

"घड्याळं खरी. टेकडी खरी. बागेतला बँड अर्धा."

"अर्धा म्हणजे?"

"बँड होता. त्यातला आंधळा बासरीवाला नव्हता."

"त्या आंधळ्यावर मी भल्याभल्यांना रडवलंय." ते खाकरले. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरा माणूस दृष्टांतात कधी पुरता बसत नाही, त्याचं कोपर कुठेतरी बाहेर राहतं. हा नावाडी मापाने शिवल्यासारखा बसला." मग म्हणाले, "शनिवारी करत काय होतीस तू?"

"येरझारा घालत होते. सात पावलं जायची, सात यायची."

"जेवत होतीस ना?"

"कधीकधी."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. फोटो न पाठवताच त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. परतीच्या बोटीत त्या म्हणाल्या, "मलासुद्धा हॉटेलच्या खोलीत झोप येत नाहीये, ताई. घरी सांगितलं, मजेत आहे." पुढे आम्ही घसे बसेपर्यंत बोललो.

दुसऱ्या दिवशी रविवार, पण बाबांचा फोन नाही. सोमवारी, मंगळवारीही नाही. मी केला तर आई म्हणायची, "पाठांतर करतायत." चाळीस वर्षं तोंडपाठ असलेल्या माणसाला कसलं आलंय पाठांतर. मी खोलीत इतक्या वेळा फिरले की खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी काठीने छत ठोकलं.

बुधवारी तिकडे संध्याकाळ, इकडे मधली सुट्टी. शिक्षकांच्या खोलीत एका कानात इअरफोन घालून मी बसले. आईने देवळातून फोन लावून ठेवला होता. नमन झालं, निरूपण सुरू झालं, आणि बाबा मध्येच थांबले.

"मंडळी, नावाड्याचा दृष्टांत मी आज परत घेतो. असा नावाडी कुठे नाहीच."

कुजबुज पसरली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "असं कसं बुवा?"

"दुकानदार खराब माल परत घेतो, मग बुवाने का घेऊ नये?" हशा झाला. "लेकीने तो रचला. तिचा दोष आहे, तिला मी सोडत नाही. पण दर रविवारी झोळी पुढे करून उभा कोण होता? पोरगी परक्या खोलीत सात पावलं जायची, सात यायची. मी विचारत होतो, काय पाहिलंस. कशी आहेस, हे विचारायचं राहून गेलं. देवाकडे तरी आपण दुसरं काय करतो? झोळी पुढे. तू कसा आहेस रे, असं त्याला कधी विचारलंय कुणी?"

हसू विरून गेलं होतं. मागे पेटीवाल्या काकांनी एक सूर नुसता धरून ठेवला होता, या वेळी बरोबर पट्टीत. मग झांज वाजली आणि गजर उठला.

होकायंत्र सर समोर येऊन उभे होते. "वाईट बातमी?"

"नाही. वडील गातायत."

त्यांनी मान हलवली, रुमाल पुढे केला, आणि जायला वळून पुन्हा थांबले. "शनिवारी वह्या आहेत?"

"नाहीत," मी म्हटलं. "तळ्यावर जाऊ या?"

रविवारी बाबांनी आधी विचारलं, "कशी आहेस?"

"पाय अजून थांबत नाहीत. शुक्रवारी पुन्हा येरझारा घातल्या."

"हं. आणि काल?"

"तळ्यावर गेले होते. खरोखर. बोट उशिरा आली. नावाड्याने शाल कमरेला गुंडाळली होती, तिच्यावर तेलाचा डाग पडलाय. त्याने मला ओळखलं आणि तिकीट फाडलं."

"मग?"

"मग काही नाही. पलीकडे गेलो, गार वाऱ्यात उभे राहिलो, परत आलो."

"आता याचं मी काय करू?"

"काही करू नका, बाबा. नुसतं ऐका."

फोनवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बसलो," बाबा म्हणाले. "बोट किती उशिरा आली म्हणालीस?"