जड बटणं

स्पेसबारखालची तार गंजून पत्र्यालाच चिकटली होती. तिने दात कोरायची बारीक सळई फटीत घातली, अंगठ्याने जोर दिला, तशी तार सुटली आणि तांबूस भुगा टेबलावर सांडला. ती दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिथल्या बोथट, टाकाऊ सळया तिने घरी आणून ठेवल्या होत्या, त्या आता कामी येत होत्या.

कीबोर्ड बाबांचा. वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांनी अर्धं आयुष्य त्याच्यावर बातम्या बडवल्या आणि निवृत्त होताना तो मागून घरी आणला. पुढे तो माळ्यावर ओलीत पडून राहिला. घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. हात थरथरायचा, पेन धरलं की नुसत्या रेघोट्या. मोबाइलच्या काचेवर एकेक अक्षर चार-चारदा उमटायचं. वैतागून त्यांनी तो भिंतीवर भिरकावला होता. या कीबोर्डची बटणं मात्र जड. नुसत्या थरथरीने ती खाली जात नसत.

"ताई, कशाला ही उठाठेव?" धाकटा भाऊ फोनवर म्हणाला. तो दूरच्या शहरात राहायचा. "नवा घे की."

"नव्याला बोट टेकलं तरी अक्षर उमटतं रे. त्यांना हाच हवा."

"तू पण ना! बरं, मीटिंग आहे. ठेवतो."

तिने बटणं साबणाच्या पाण्यात भिजवली, पत्रा घासून लख्ख केला, एकेका स्प्रिंगला तेलाचा थेंब दिला. कामावरून आल्यावर पाठ भरून यायची, तरी बसायची. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आधी हसला. "मावशी, याला आता निरोप द्या." मग तिचा चेहरा बघून त्याने निमूटपणे खोकी उपसली आणि जुनी गोल पिन घरच्या कॉम्प्युटरला बसवणारा जोड शोधून दिला.

रविवारी सकाळी तिने बाबांना खुर्चीत बसवलं, कोपराखाली उशी दिली. त्यांनी बोट टेकलं. दाबलं. खट्! पडद्यावर 'क' उमटला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी असं शेवटचं कधी पाहिलं होतं, हे तिला आठवेना.

ती चहा टाकायला आत गेली. बाहेर खटखट सुरू झाली. आधी अडखळत, मग सलग. गॅससमोर उभी राहून तिने पदराने डोळे टिपले.

कप घेऊन आली तेव्हा बाबांनी पडद्याकडे बोट केलं, मग तिच्या फोनकडे. तिने वाचलं.

'बाळा, मला इथून घेऊन जा. ही मला गाळलेली पेज देते. बाहेरून कुलूप लावून दिवसभर जाते. मला इथे राहायचं नाही.'

खोटं त्यात काहीच नव्हतं. घट्ट घास त्यांच्या घशात अडकायचा. आणि ती कामावर असताना ते एकदा जिन्यात पडले होते.

"त्याला पाठवू?" तिने विचारलं.

बाबांनी मान डोलावली.

तिने शब्द न शब्द फोनवर उतरवला आणि पाठवला. चहा निवायच्या आतच भावाचा फोन आला. ती गॅलरीत गेली.

"मनावर घेऊ नकोस गं. म्हातारपण आहे."

"नेतोस का त्यांना?"

"इथे? अगं, कसं शक्य आहे?" तो म्हणाला. "तू असं कर ना, तो कीबोर्ड काढून ठेव. उगाच सगळ्यांच्या डोक्याला ताप."

ती फोन ठेवून आत आली. बाबा दाराकडेच बघत होते.

"खूश झाला," ती म्हणाली. "सुट्टी मिळाली की न्यायला येतो म्हणाला."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची पुढे ओढायचा प्रयत्न केला. जमेना, तेव्हा तिनेच ती टेबलाजवळ सरकवली. बोटं पुन्हा चालू लागली. ती फोन हातात धरून शेजारी उभी राहिली. हेही तिनेच भावाला पाठवायचं होतं.