कौसल्याबाईंची पांढरी साडी

मी कौसल्याबाईंची पांढरी साडी बोलतेय. खरं तर आता स्वतःला साडी म्हणवायला जीभ रेटत नाही. मी तिचा एक तुकडा आहे, निळ्या काठाचा.

माझा जन्म नागपूरच्या एका हातमागावरचा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नेसायला कौसल्याबाईंनी मला घेतलं. पुढे त्यांच्या नवऱ्याला, राजारामांना, दिल्लीत सरकारी नोकरी लागली आणि ट्रंकेत बसून मी गाझियाबादला आले. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, एवढीच माझी पाळी. कांजी अशी कडक, की बाई बसल्या की मी कुरकुरायची. भारी मिजास होती माझी!

धुऊन धुऊन मी मऊ पडले. मऊ सुती साडीची घरात बाळासाठी दुपटी करतात. मी त्याच आशेवर होते.

लेक श्रावस्ती दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन शिकते. एका रविवारी घरी आली आणि म्हणाली, "आई, तुझी पांढरी साडी नेऊ?" कौसल्याबाई हरखल्या. जीन्स न सोडणारी पोर जयंतीला साडी नेसणार, असंच त्यांना वाटलं. स्वतः इस्त्री करून दिली.

खोलीवर तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी मला टराटरा फाडलं. बाळाच्या मापाचे तुकडे बघून मी खूश झाले. मग त्यांनी माझ्यात कापूस गुंडाळला, दोन्ही टोकांना सुतळी बांधली, वर लाल रंग शिंपडला. तेव्हा मला कळलं, ही कफनं होती. गाझात बॉम्बखाली गेलेल्या लेकरांची.

"बॉम्ब विकणारेच शांततेवर भाषणं देतात, यार," श्रावस्ती म्हणाली, "आणि आपण बिल्कुल गप्प बसायचं?"

दुसऱ्या दिवशी निदर्शनात आम्हाला फुटपाथवर ओळीनं निजवलं. परवानगी नव्हती, म्हणून पोलिसांनी पोरांना बसमध्ये कोंबलं. मला एका शिपाईबाईनं उचललं. रागातच होती, पण उचलताना तिचा एक हात आपसूक मानेखाली गेला. बाळाला घेतात तसा. मग तिच्याच ते लक्षात आलं आणि तिनं मला बसमध्ये भिरकावलं.

संध्याकाळी आईबाप धापा टाकत ठाण्यात आले.

"इथलं दुःख काय कमी आहे आपल्याला?" राजाराम दबक्या आवाजात म्हणाले. "कुठलं कुठे गाझा! माझी नोकरी जाईल, कळतंय का?"

"बाबा, आपल्या वस्त्या जाळल्या तेव्हा बाकीचेही हेच म्हणाले ना?"

 अधिकाऱ्यानं मला टेबलावर आपटलं. "ये कपड़ा किसका है?"

"पता नहीं, सर," राजाराम घाईनं म्हणाले.

कौसल्याबाईंनी माझा निळा काठ पाहिला. आता पोरीवर ओरडणार, असं मला वाटलं. पण त्या पुढे झाल्या. 

"मेरा है, साहब. मैंने दिया था."

त्यांचं नाव लिहून घेतलं गेलं. राजारामांचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला. ताकीद देऊन पोरीला सोडलं, आणि मलाही. बाकीचे तुकडे कुठे गेले, कोण जाणे.

परतताना मेट्रोला गर्दी होती. बाईंनी मला पदराखाली धरलं होतं. एक माणूस झटकन उठला. "बैठिए माताजी, गोद में बच्चा है." श्रावस्ती काही बोलणार, तोच आईनं तिचा हात दाबला आणि त्या बसल्या. शेजारणीनं पाय आवरले. कुणी फोनवरचं गाणं बंद केलं. केवढी माया आहे हो माणसांत! मला फार रडू आलं. माझं एवढंच मागणं आहे, ही माया आपल्या डब्यापुरती राहू नये.

सध्या मी कपाटात आहे. सुतळी अजून तशीच आहे. परवा राजाराम म्हणाले, "ती सुतळी सोडून धुवायला तरी टाक."

कौसल्याबाईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि हळूच दार लोटलं.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे डोळा लागलाय."